भीतीच्या रकान्यात शून्य

व्याहीबुवांच्या सेवेशी सप्रेम नमस्कार.

आपण सर्व मंडळी खुशाल असाल अशी आशा आहे. ही आशा एरवी मी रिवाज म्हणून लिहितो, या खेपेला मनापासून लिहितो आहे. कारण येत्या रविवारनंतर आपण खुशाल असाल याची हमी मला देता येत नाही. विहीणबाईंना आमचा दोघांचा नमस्कार सांगावा. त्यांचा खोकला कसा आहे? आपला गुडघा कसा आहे? (गुडघ्याचं मी विचारण्यापुरतं विचारत नाही. सविस्तर कळवा. किती वाकतो, कुठवर वाकतो, अचानक उडी मारायची वेळ आली तर कितपत साथ देईल, सगळं लिहा.) आमच्याकडे सर्व ठीक. आमच्या हिची तब्येत उत्तम, चिरंजीव कामानिमित्त अजून दोन महिने बाहेरच आहेत, आणि मी गेले पाच दिवस घास गिळताना पाणी लागतं एवढं सोडलं तर धडधाकट आहे. आता इथून पुढे 'आपण' सोडून 'तुम्ही'वर येतो. घाबरलेल्या माणसाला 'आपण' फार वेळ झेपत नाही.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. एक तर आमचं घर तीन खोल्यांचं, आणि सूनबाईचे कान फार तिखट. दुसरं, राग मानू नका, पण फोनवर समोरचा जे बोलेल ते मोठ्याने पुन्हा म्हणून बघायची तुम्हाला सवय आहे. मागे मी हिच्या वाढदिवसाची साडी गुपचूप विचारायला फोन केला होता, तर तुम्ही 'काय म्हणता, साडी? हिरवी? तिला कळू द्यायचं नाही?' असं म्हणालात, आणि ते हिने स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाका.

विषय तुमच्या कन्येचा आहे. छे, छे, तक्रार नाही. अशी सून मिळायला नशीब लागतं, हे मी चारचौघांत सांगत असतो आणि तुम्हालाही सांगतो. विषय तिच्या सायकलींचा आहे. सायकल कारखान्यातल्या 'उद्याच्या सायकली' या विभागात ती काय करते याची तुम्हाला वरवर कल्पना असेल. जी सायकल आज कुणी बनवत नाही, उद्या बनवेल असंही वाटत नाही, आणि परवा बनवली तर पोलीस पकडतील, अशा सायकली त्या विभागात तयार होतात. तिच्या कामाची एक पद्धत आहे. नवी सायकल तयार झाली की ती आधी साठी ओलांडलेल्या माणसाच्या ताब्यात द्यायची, आणि ती कशी चालवायची ते अजिबात सांगायचं नाही. म्हाताऱ्याला न सांगता जमलं तर रचना बरोबर. नाही जमलं तर चूक सायकलीची, म्हाताऱ्याची नाही. विचार फार उदात्त आहे. फक्त या घरात साठी ओलांडलेली माणसं दोन. पैकी हिने पहिल्याच दिवशी 'मला नाही जमायचं गं बाई' म्हणून अंग काढून घेतलं, आणि तेव्हापासून आज अडीच वर्षं तो म्हातारा मी आहे.

प्रत्येक फेरीनंतर एक कागद भरून द्यावा लागतो. बसायला सोपी वाटली का, वळताना काय झालं, वगैरे. शेवटचा रकाना असतो: 'भीती, शून्य ते दहा.' पहिला कागद भरला तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. नवी सून समोर उभी, हातात पेन धरून, 'बाबा, अगदी खरं लिहा हं' म्हणते आहे. आता तुम्हीच सांगा, सासऱ्याने सुनेपुढे काय लिहावं? आठ लिहावं? मी शून्य लिहिलं. तिचा चेहरा असा काही उजळला की त्या दिवशी मला स्वतःलाच ते शून्य खरं वाटलं. मग एकदा शून्य लिहिल्यावर दुसऱ्या वेळी तीन कसं लिहायचं? असे तेवीस कागद झाले, व्याहीबुवा, आणि तेवीसही कागदांवर शून्य. मी चौतीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक होतो. गावोगावच्या दुकानदारांचे तराजू तपासले, गुंजभर फरक निघाला तरी सील ठोकलं, पण स्वतःच्या छातीतला काटा मात्र अडीच वर्षं हाताने धरून ठेवला.

आणि त्या सायकली तरी कशा! पहिलीच्या चाकांना मधला भागच नव्हता. स्पोक नाहीत, आस नाही, नुसत्या दोन मोठ्या बांगड्या, आणि त्यांच्यावर मी. चालत्या चाकातून पलीकडचं गवत दिसत होतं. (एक मांजर त्या चाकातून आरपार निघून गेली आणि पलीकडे जाऊन माझ्याकडे बघत बसली. दोघांनाही काय झालं ते कळलं नाही.) दुसरी उताणं पडून चालवायची होती, पाय पुढे, डोकं मागे. तिच्यावरून मी आमच्या रस्त्याने हळूहळू येत होतो तर समोरून येणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. तिसरी थांबली की आपोआप घडी होऊन तिची पिशवी व्हायची. कल्पना सुरेखच, पण माणूस उतरला की नाही हे तिला कळत नव्हतं. सिग्नलला आमचे न्हावी भेटले म्हणून मी एक पाय टेकवून दोन शब्द बोलायला थांबलो, आणि बोलता बोलता त्यांच्या कमरेइतका झालो. न्हाव्याने मला ओढून काढलं. त्या दिवशीच्या कागदावरही शून्यच. खाली शेरा लिहिला होता: 'घडी चांगली बसते.'

एवढ्यावर निभावलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण आता 'मनकवडी' आली आहे. हे नाव सूनबाईनेच ठेवलं. मनकवडीला हँडल नाही, ब्रेक नाही, पॅडल नाही. दोन जाड चाकं, आत तोल सांभाळणारं यंत्र, आणि वर एक सीट. वळायचं असेल तर त्या बाजूला कलायचं. वेगाचं काय? तर सीटमधून ती बसणाऱ्याच्या छातीची धडधड ऐकते. माणूस शांत तर सायकल शांत. माणसाला उत्साह आला, ठोके वाढले, की तिलाही उत्साह येतो. म्हणजे माणसाच्या मनात येईल तसं सायकलीने चालायचं, हात न लावता, विचार न करता. हे ती मला सांगत होती तेव्हा तिचे डोळे लकाकत होते, आणि मी मान डोलावत होतो, पण भीतीनेही ठोके वाढतातच हा घोटाळा माझ्या तेव्हाच लक्षात आला होता. (तिच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे हे सगळं तिने मला फेरी झाल्यावर सांगितलं. आधी मी बसलो होतो.)

कारखान्याच्या मागे गोल धावपट्टी आहे. मी बसलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले, फोटोला बसल्यासारखे. सायकल हलली. मी दचकलो. ती जोरात निघाली. जोरात निघाली म्हणून मी घाबरलो, घाबरलो म्हणून ती आणखी जोरात, आणि पहिलं वळण येईपर्यंत आमचं दोघांचं असं काही जमलं होतं की मला घाम फुटला आणि तिला पंख. सूनबाईच्या हातात थांबवायचं लाल बटण होतं. मी नुसतं ओरडलो असतो तरी तिने दाबलं असतं. मी ओरडलो नाही. दात आवळलेले होते, ते तिला लांबून हसू वाटलं आणि तिने टाळ्या वाजवल्या. मन शांत करावं म्हणून एकोणतीसचा पाढा म्हणायला घेतला, तर एकोणतीस सक्के किती ते आठवेना, आणि त्या नव्या भीतीने वेग आणखी वाढला. खरं सांगतो, व्याहीबुवा, दुसऱ्या फेरीला माझ्या डोळ्यांपुढे ही आली, चिरंजीव आले, आणि विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत हे मी कुणालाच सांगितलेलं नाही हेही आठवलं.

वाचवलं मला धावपट्टीच्या टाइमकीपरने. हे गृहस्थ स्टुलावर बसून फेऱ्यांची वेळ लिहितात आणि जो समोर येईल त्याला आपली बढती कशी हुकली ती हकिगत ऐकवतात. मी समोरून गेलो तेव्हा ते म्हणाले, "तर काय झालं, माझा अर्ज खालच्या टेबलावर होता." पुढच्या फेरीला म्हणाले, "खालच्या म्हणजे खिडकीजवळच्या नव्हे, दाराजवळच्या." त्याच्या पुढच्या फेरीला दाराजवळ आधी कोण बसायचं ते आलं. असं एका फेरीला एक वाक्य. सहाव्या फेरीला अर्ज अजून दाराजवळच होता. सातव्या फेरीला मला जांभई आली, आणि मनकवडी अलगद त्यांच्या स्टुलासमोर येऊन उभी राहिली. मी उतरून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना वाटलं, मला त्यांच्या बढतीचं वाईट वाटलं.

कागद पुढे आला. मी शून्य लिहिलं. धावपट्टी अजून डोळ्यांपुढे फिरत होती, त्यामुळे ते शून्य जरा लांबट आलं, पण शून्यच.

त्यानंतर चहा घेताना तिने मला जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली आहे. म्हणाली, "बाबा, ही सायकल तुमच्यावर शिकली आहे." म्हणजे काय, तर कुठल्या धडधडीचा काय अर्थ घ्यायचा हे त्या यंत्राला आधी शिकवावं लागतं. मागच्या प्रत्येक फेरीला माझ्या छातीला एक पट्टा बांधलेला असायचा, त्यात माझे ठोके नोंदले जायचे. ठोके एकशे तीस, एकशे चाळीस. आणि कागदावर भीती शून्य. मग तिने काय समजावं? तिने समजलं की म्हाताऱ्या माणसाचे ठोके एकशे चाळीसवर गेले म्हणजे त्याला भयंकर आनंद झाला आहे आणि त्याला आणखी वेग हवा आहे. सगळं गणित बिनचूक आहे. फक्त खाली घातलेली वजनं खोटी आहेत, आणि ती मी घातली आहेत.

येत्या रविवारी प्रदर्शन आहे. गोल धावपट्टीवर नव्हे, कारखान्यापुढच्या उताराच्या रस्त्यावर. साठी ओलांडलेली वीस माणसं एकामागोमाग मनकवडीवर बसणार आहेत. वीस माणसं, व्याहीबुवा! कुणाच्या कमरेत पट्टा, कुणाच्या छातीत यंत्र. सूनबाई तिथे लाल बटण घेऊन उभी राहील, पण माझ्यासारखे आवळलेले दात बघून ती टाळ्याच वाजवेल, कारण म्हातारे तसेच हसतात असं तिला मीच शिकवलं आहे. मला रोज दुपारी पडल्या पडल्या तो उतार दिसतो.

'मग सांगून टाका की एकदा,' असं ही दिवसातून चार वेळा म्हणते. (हिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. फेरीवरून आल्यावर माझा सदरा तीच वाळत घालते.) सांगणं एवढं सोपं असतं तर! या आधी सूनबाईच्या तीन सायकली साहेबांनी नापास केल्या. तिसरीच्या वेळी ती घरी आली, नळ सोडला आणि भांडी घासत बसली. त्या भांड्यांत खरकटं एकही नव्हतं. साहेबांनी बजावलं आहे की ही चौथीही बसली नाही तर तिला घंट्या आणि कॅरिअरच्या विभागात पाठवतील. अडीच वर्षं तिने या सायकलींपलीकडे काही पाहिलेलं नाही. आता रविवार चार दिवसांवर असताना मी कुठल्या तोंडाने सांगू की तिचा सगळा डोलारा माझ्या खोटेपणावर उभा आहे? सांगितलं तर तिचं मन मोडेल, नाही सांगितलं तर कुणाचं तरी हाड. मला दोन्हीची सारखीच भीती वाटते, आणि ही भीती किती असं कुणी विचारलं तर दहापर्यंतचे आकडे पुरायचे नाहीत.

असो. हवा सध्या चांगली नाही, प्रवासाची दगदग होते, प्रदर्शनाला गर्दीही फार असते. तेव्हा रविवारचं तिकीट काढलं असलं तरी तुम्ही न आलात तर आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही. विहीणबाईंना पुन्हा नमस्कार. कळावे, लोभ असावा आणि तोल सांभाळावा.

तुमचा,
व्याही

ता. क. हवेचं मी उगाच लिहिलं. हवा छान आहे. खरी गोष्ट अशी की वीस माणसांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे आणि दुसरं तुमचं. 'दोन्ही वडील आधी' असा तिचा हट्ट आहे, आणि ती तुम्हाला तिथे पोचल्यावर अचानक सांगणार आहे. तेव्हा माझी खरी विनंती अशी: तुम्ही तिला पत्र लिहा, की या सायकलीची हकिगत ऐकूनच मला भीती वाटली, मी बसणार नाही, आणि माझ्या वयाच्या कुणालाही बसवू नकोस. बाप मुलीपुढे घाबरला तर चालतं. सासऱ्याला ती सोय नाही. माझं नाव कुठेही येऊ देऊ नका.

ता. क. (बुधवार, दुपार) वरची विनंती रद्द समजावी. पाकीट शोधायला सूनबाईचं कपाट उघडलं तर तळाशी एक जुनी फाइल सापडली. तिच्या कॉलेजच्या दिवसांतली, लग्नाच्या आधीची. आत असेच कागद, आणि अक्षर तुमचं. तुमच्या सतरा कागदांवर भीतीच्या रकान्यात शून्य. वाहवा! ज्या दिवशी तुम्ही न्हाणीघरात घसरून गुडघा दुखावलात असं आम्हाला लग्नाच्या बैठकीत सांगण्यात आलं होतं, त्या तारखेचाही कागद आहे. 'भीती: शून्य. शेरा: मजा आली.' व्याहीबुवा, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. उलट एवढी जवळीक मला आपल्या सोयरिकीत पूर्वी कधी वाटली नव्हती. पण पोरीला खोट्या शून्याची सवय लावली कुणी, याचा आता आपण दोघांनी विचार करायला हवा.

ता. क. (गुरुवार, दुपार) हे पत्र फाडायचंच होतं. पण सूनबाई म्हणाली, "नको, अण्णांना पाठवा, आहे तसं पाठवा." होय, तिला कळलं. काल मी ती फाइल मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेला असतानाच ती कामावरून लवकर आली. ती काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं: "नऊ." ती म्हणाली, "काय नऊ?" मी म्हणालो, "मांजरीच्या वेळी सात. घडीच्या वेळी आठ. मनकवडीला नऊ, आणि ते टाइमकीपर होते म्हणून, नाहीतर दहा." ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. फाइलीतले कागद एकेक करून उलटून पाहिले. मला वाटलं आता नळ सुटणार. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी तिच्यावर अजून एकदाही बसलेली नाही. मला फार भीती वाटते. तुम्हाला काहीच वाटत नाही असं दिसलं, म्हणून म्हटलं, असेल आपलंच मन कच्चं."

मग आम्ही दोघांनी चोवीसही कागदांवरची शून्यं खोडून खरे आकडे घातले. ही दारात उभी राहून एकेक आकडा दुरुस्त करत होती. (बहुतेक ठिकाणी तिने एक एक वाढवला.) आज सकाळी ते नवे आकडे यंत्राला शिकवून झाले. धडधड वाढली की आता मनकवडी हळू होते, आणि फारच वाढली की थांबते. मी जाऊन बसलो. ती जागची हलली नाही. पाच मिनिटं मी फोटोला बसल्यासारखा बसलो होतो, टाइमकीपरने वेळ लिहिली, सायकल ढिम्म. साहेब खिडकीतून बघून गेले. रविवारी काय म्हणतील ते देव जाणे, त्याची भीती आहेच. मग मी उतरलो आणि तुमची लेक बसली, जन्मात पहिल्यांदा. तिच्याखालीही सायकल हलेना. तुमची लेक डोळे मिटून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने सायकल वीतभर पुढे सरकली.

तर रविवारी नक्की या. बसायची सक्ती कुणावर नाही, आधी तुमची लेकच बसणार आहे. एका बाजूने मी चालणार आहे, दुसऱ्या बाजूने कुणी तरी हवं आहे.